८ वर्षांचा मुलगा प्रत्येक गोष्टीला 'नाही' म्हणतो: हे ओडीडी आहे का, आणि उपचार कुठून सुरू करायचा?

तुमचा प्रश्न मोठा आहे, म्हणून मला कळला तसा आधी थोडक्यात मांडते. मुलगा ८ वर्षांचा. गेलं वर्ष-दीड वर्ष काहीही सांगितलं की वाद, 'नाही' हे पहिलं उत्तर. चूक दाखवली की ती दुसऱ्याची असते. चिडला की वस्तू फेकतो, धाकट्या बहिणीला मुद्दाम छळतो. शाळेतूनही तक्रारी येतात, पण घराच्या मानाने कमी. शाळेच्या समुपदेशकांनी ऑपोझिशनल डिफायंट डिसऑर्डर, म्हणजे ओडीडी (सतत विरोध आणि अवज्ञा करण्याचा विकार) असू शकतं असं सांगितलं. मुलाच्या बाबांचं म्हणणं, हे लाडाचं फळ आहे, चार दिवस कडक वागलं की ताळ्यावर येईल. तुम्हाला वाटतं, हा आजार आहे आणि त्यावर एखादी गोळी असेल तर बरं. शेवटी तुम्ही विचारलंय, 'आमचं नेमकं चुकलं काय?'

बालमानसशास्त्रात बरीच वर्षं काम केल्यावर मला वाटतं, 'आजार की लाड' या वादात अडकलेल्या घरात दोन्ही बाजूंकडून एक प्रश्न निसटतो: हे वागणं रोज टिकून कशामुळे राहतं? सुरुवात कशाने झाली हे पुष्कळदा कधीच नीट कळत नाही, आणि कळलं तरी आज उपयोग होतोच असं नाही. टिकून कशाने राहतं ते मात्र शोधता येतं, आणि उपचाराची पकड तिथेच मिळते.

आधी निदानाबद्दल. नुसत्या वर्णनावरून मी निदान करणार नाही, पण निकष सांगते. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या डीएसएम-५ या मनोविकारांच्या निदान-पुस्तिकेत ओडीडीची ८ लक्षणं तीन गटांत दिली आहेत. पहिला गट चिडका मूड: लवकर भडकणं, सतत दुखावलेलं किंवा रागावलेलं असणं. दुसरा वाद आणि अवज्ञा: मोठ्यांशी हुज्जत, नियम धुडकावणं, मुद्दाम त्रास देणं, आपल्या चुकीचं खापर दुसऱ्यावर फोडणं. तिसरा डूख धरून वागणं. यातली किमान ४ लक्षणं किमान ६ महिने हवीत, आणि भावंड सोडून निदान एका व्यक्तीशी वागताना दिसायला हवीत. भावंडांची भांडणं वगळण्यामागे कारण आहे: ती मोजायची ठरवली तर निम्मी घरं या निदानात बसतील. वारंवारताही पाहतात. ५ वर्षांखालच्या मुलात हे बहुतेक दिवशी दिसायला हवं, ५ वर्षं आणि त्यापुढे आठवड्यातून किमान एकदा. डूख धरण्याचा निकष वेगळा, ६ महिन्यांत किमान दोनदा. शिवाय या वागण्याने मुलाचं, घराचं किंवा शिक्षणाचं खरोखर नुकसान होत असलं पाहिजे. दोन-तीन वर्षांच्या मुलाचा हट्ट आणि पौगंडातली तिरकी उत्तरं हे वाढीचे टप्पे आहेत, त्यांना हे नाव लावू नये.

तीव्रता किती ठिकाणी त्रास होतो यावरून ठरते: फक्त घरी असेल तर सौम्य, दोन ठिकाणी मध्यम, तीन किंवा अधिक ठिकाणी तीव्र. 'शाळेत बरा वागतो, म्हणजे घरी मुद्दाम करतो' असं लोक म्हणतात, ते म्हणूनच पटत नाही. फक्त घरी दिसणारं ओडीडीसुद्धा ओडीडीच असतं. परक्या जागी दिवसभर स्वतःला आवरून धरणारं मूल घरी आल्यावर सुटतं, हे तर मी नेहमीच पाहते.

एक सावधगिरी. ओडीडी हे वर्णन आहे, कारण नव्हे. 'तो वाद का घालतो? ओडीडी आहे म्हणून. ओडीडी आहे हे कशावरून? तो वाद घालतो म्हणून.' अशा गोल फिरण्यातून हाती काही लागत नाही. या निदानाची चिठ्ठी घेऊन मूल माझ्याकडे येतं तेव्हा मी सर्वांत जास्त वेळ त्याखाली आणखी काय आहे हे पाहण्यात घालवते.

पहिला संशय एडीएचडीचा, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता या विकाराचा. ओडीडी असलेल्या पुष्कळ मुलांत तो सोबत असतो. 'दप्तर भर, बूट घाल, पाण्याची बाटली घे' असं एका दमात सांगितलं आणि मूल बुटापाशीच खेळत बसलं, तर मोठ्यांना ती अवज्ञा वाटते. प्रत्यक्षात निम्मी सूचना वाटेतच गळालेली असते. असं दिवसातून वीस वेळा ओरडा खाणारं मूल दोन-तीन वर्षांत खरंच हुज्जतखोर होतं. दुसरी शंका वाचन-लेखनातल्या अध्ययन अक्षमतेची. तुमच्या घरातला सर्वांत मोठा तमाशा अभ्यासाच्या वेळी होतो असं तुम्ही लिहिलंय, ते मला महत्त्वाचं वाटलं. गणित शांतपणे होतं आणि वाचायला बसवलं की वही भिरकावली जाते, असा फरक दिसतो का ते बघा. 'मला येत नाही' म्हणण्यापेक्षा 'मी करणार नाही' म्हणणं मुलाला कमी अपमानाचं वाटतं.

तिसरी गोष्ट चिंता, आणि ती सर्वांत जास्त निसटते. चिंताग्रस्त मूल दरवेळी रडवेलं नसतं. अनपेक्षित काही समोर आलं की काही मुलं आक्रमक होतात. याशिवाय भाषा समजण्यातली अडचण, कमी ऐकू येणं, घोरण्यामुळे किंवा उशिरा झोपण्यामुळे अपुरी झोप, स्वमग्नतेतला बदल न सोसण्याचा हट्ट, शाळेतली दादागिरी, घरातली हिंसा किंवा सततची भांडणं. लहान मुलांतलं नैराश्यही उदासीपेक्षा चिडचिडीतून जास्त दिसतं. प्रत्येकाचा उपाय वेगळा, म्हणून कोणता तुमच्या मुलाला लागू पडेल हे तपासणीशिवाय कुणीही सांगू नये.

यासाठी मी पालकांना दोन आठवड्यांची वही ठेवायला लावते. प्रत्येक भडक्याच्या वेळी चारच नोंदी: किती वाजले होते, काय सांगितलं होतं, कुणी सांगितलं होतं, आणि शेवट कसा झाला. चौथ्या नोंदीकडे पालकांचं लक्ष सहसा नसतं. मी मात्र तीच आधी वाचते.

कारण सांगते. ओरेगॉनमधले मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी अशा कुटुंबांत प्रत्यक्ष बसून, कोण काय म्हणतं आणि त्यावर पुढे काय होतं याची बारकाईने नोंद केली. त्यांना एक चक्र दिसलं. आई म्हणते, "टीव्ही बंद कर." मूल ऐकत नाही. आई पुन्हा सांगते, मग आवाज चढवते. मूल त्याहून मोठ्याने ओरडतं, रिमोट फेकतं. आई थकते आणि म्हणते, "जा, काय करायचं ते कर!" त्या क्षणी शांतता होते. मूल शिकलं की पुरेसं ताणलं तर सांगणं थांबतं. आई शिकली की सोडून दिलं की आरडाओरडा थांबतो. दुसऱ्या दिवशी बाबा गरजतात, मूल दचकून टीव्ही बंद करतं, आणि बाबा शिकतात की गरजल्याशिवाय हा ऐकत नाही. पुढच्या खेपेला सगळेच वरच्या पट्टीत सुरुवात करतात.

या चक्रात वाईट कुणीच नाही. प्रत्येकाला तात्काळ सुटका मिळते, म्हणून प्रत्येक जण तेच पुन्हा करतो. म्हणजे तुम्ही दोघं अर्धे बरोबर आहात. सोडून दिल्याने वागणं बळावतं, हे बाबांचं म्हणणं खरं. पण गरजण्यानेही तेच होतं, आणि दोन्ही आलटून पालटून झालं तर सर्वांत जास्त. कधी हरतो, कधी जिंकतो, म्हणजे दरवेळी ताणून बघायला हरकत नाही, एवढा हिशेब ८ वर्षांच्या मुलाला जमतो.

'आमचं काय चुकलं' याचं उत्तरही यातच आहे. काही मुलं जन्मतःच तापट, पटकन भडकणारी आणि हळू शांत होणारी असतात. अशा मुलापुढे शांत माणूसही काही महिन्यांत एकतर कडक होतो किंवा हात टेकतो. मूल पालकांना घडवतं तितकंच पालक मुलाला. उपचार पालकांपासून सुरू होतो तो ते दोषी आहेत म्हणून नव्हे. आठ वर्षांच्या मुलापेक्षा मोठ्या माणसाला स्वतःचं वागणं बदलणं सोपं जातं, एवढंच त्याचं कारण.

आता उपचार. १२ वर्षांखालच्या मुलांसाठी सर्वांत भक्कम पुरावा पालक-प्रशिक्षणाच्या बाजूने आहे. शीला आयबर्ग यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेल्या पद्धतीत पालक मुलाशी खेळत असतात आणि काचेपलीकडून थेरपिस्ट त्यांच्या कानातल्या यंत्रात सूचना देतो. ती मुख्यतः २ ते ७ वयोगटासाठी आहे. तुमच्या मुलाच्या वयाला येल विद्यापीठातल्या अॅलन काझदिन यांच्या पद्धतीसारखं वर्तनाधारित पालक-प्रशिक्षण जास्त लागू पडेल. कॅरोलिन वेबस्टर-स्ट्रॅटन आणि मॅथ्यू सँडर्स यांचे कार्यक्रमही याच कुळातले. नावं वेगळी असली तरी यातल्या बऱ्याच कार्यक्रमांत क्रम एकच: आधी नातं, मग सूचना, शिक्षा सर्वांत शेवटी. पालकांना मात्र शिक्षेपासून सुरुवात हवी असते, आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मी त्या विषयाला हात लावत नाही म्हणून काही जण वैतागतात.

नातं म्हणजे रोज १०-१५ मिनिटं मुलाच्या मनाप्रमाणे खेळ. तो ठरवेल तो खेळ, फोन दूर. या वेळात आज्ञा नाही, शिकवणं नाही, चुका काढणं नाही, आणि प्रश्नही नाहीत. 'हे काय बनवलंस? हा रंग कोणता?' यातून परीक्षाच चालू राहते. त्याऐवजी दिसतंय ते बोला: "तू बुरूज उंच करतोयस." पालकांना प्रश्न थांबवणं सर्वांत जड जातं. ही वेळ बक्षीस नाही, म्हणून वाईट दिवशीही ती काढून घ्यायची नाही. ज्या घरात दिवसभर फक्त भांडणातूनच लक्ष मिळतं, तिथे मूल भांडणच निवडतं.

कौतुक नेमकं हवं. 'शहाणा आहेस' यातून मुलाला काही कळत नाही. 'पहिल्यांदा सांगितल्याबरोबर उठलास' यातून कळतं. मात्र काही चिडक्या मुलांना मोठ्याने केलेलं कौतुक सहन होत नाही, ती लगेच ते काम बिघडवतात. अशा मुलाला हळू आवाजात, जाता जाता, त्याच्याकडे न बघता सांगितलेलं चालतं.

मग सूचना. दुसऱ्या खोलीतून हाक मारून सांगू नका. जवळ जा. एका वेळी एकच गोष्ट, आणि काय करायचं नाही यापेक्षा काय करायचं ते सांगा. 'अभ्यासाला बसशील का?' असं विचारलं तर 'नाही' हे त्याचं प्रामाणिक उत्तर असतं, त्यावर रागावण्यात अर्थ नाही. 'वही उघड' म्हणा आणि मनात पाच आकडे मोजेपर्यंत गप्प राहा. हे गप्प राहणं फार अवघड आहे. आपण त्या पाच सेकंदांत आणखी तीन वाक्यं बोलतो आणि वादाला तीन नव्या जागा देतो. न केल्यास एकदाच, परिणामासकट पुन्हा सांगा. तिसऱ्यांदा सांगायचं नाही. आणि जी सूचना शेवटपर्यंत नेण्याची ताकद या क्षणी नाही, ती देऊच नका. दिवसात देत असलेल्या सूचना मोजल्यात तर बऱ्याचशा अनावश्यक निघतील.

तोंडातल्या तोंडात पुटपुटणं, डोळे फिरवणं, दार जरा जोरात लावणं यांकडे दुर्लक्ष करा. पण आधीच सांगून ठेवते: दुर्लक्ष सुरू केलं की काही दिवस ते वागणं वाढतं. आजवर चालणारी युक्ती चालेनाशी झाली की मूल आधी ती जास्त जोरात वापरून पाहतं. नेमकं याच टप्प्यावर बहुतेक घरं हार मानतात, आणि मुलाला कळतं की पूर्वीपेक्षा जास्त ताणावं लागतं. तेव्हा घरात पाहुणे, परीक्षा किंवा आजारपण असताना सुरुवात करू नका. मारणं, चावणं, वस्तू फोडणं मात्र दुर्लक्षात बसत नाही.

शिक्षा छोटी, लगेच आणि ठरलेली. महिनाभर मोबाइल बंद केला की दुसऱ्या दिवशी मुलाकडे गमावण्यासारखं काही उरत नाही, आणि तुमच्याकडे वापरण्यासारखं. त्यापेक्षा आज संध्याकाळचा अर्धा तास कापा, उद्या पाटी कोरी. टाइम-आउट, म्हणजे मुलाला थोडा वेळ बाजूला शांत बसवणं, लहान मुलांत काही मिनिटांपुरतं चालतं. ८ व्या वर्षी सवलत कमी करणं बहुधा जास्त सोपं जातं. मारण्याबद्दल बाबांना सांगा की मारल्याने मूल तात्पुरतं थांबतं, म्हणूनच मोठ्यांना त्याची सवय लागते. मुलांतली आक्रमकता मात्र त्याने कमी न होता वाढते, असंच अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. बक्षिसांना लाच म्हणणाऱ्यांना माझं उत्तर साधं आहे: आधी ठरवून, वागल्यानंतर दिलेलं ते बक्षीस. आरडाओरडा सुरू झाल्यावर तो थांबवायला कबूल केलेली ती लाच.

हे सगळं नीट करूनही काही मुलं हलत नाहीत. विशेषतः ज्यांच्यात अवज्ञेपेक्षा चिडचिड जास्त आहे, किंवा ज्यांना बदल सोसत नाही. त्यांच्यासाठी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉस ग्रीन यांचा दृष्टिकोन मला उपयोगी वाटतो. त्यात धरलेलं असतं की मुलाला जमत असतं तर त्याने नीट वागलं असतं. जमत नाही ते काय, हे शोधायचं. भडका उडालेला असताना नव्हे, शांत वेळी. "अभ्यासाला बसायची वेळ झाली की अवघड होतं असं मला दिसतंय. काय होतं तेव्हा?" एवढं बोलून थांबायचं. पहिलं उत्तर 'माहीत नाही' असतं, दुसरं 'कंटाळा येतो'. तिसऱ्या-चौथ्या वेळी कळतं की शाळेतून आल्या आल्या बसवलं की डोकं चालत नाही, किंवा फळ्यावरचं पूर्ण लिहून घेता आलेलं नसतं आणि ते सांगायची लाज वाटते. मग तुमची अडचण मांडायची, की उशीर झाला तर झोप बुडते, आणि दोघांना चालेल असा तोडगा त्याच्याकडूनच मागायचा. हे लाड नव्हेत. अभ्यास रद्द झालेला नाही, त्याची वेळ आणि पद्धत बदलली आहे.

गोळीचं काय? खुद्द ओडीडीसाठी मान्यताप्राप्त असं औषध नाही. उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनाही अशा वर्तनासाठी सर्रास औषध देऊ नये असंच सांगतात. सोबत एडीएचडी निघाला तर त्याच्या औषधाने, उदाहरणार्थ मिथिलफेनिडेटने, हुज्जतही बरेचदा कमी होते, आणि तेव्हा औषध नाकारणं मला चुकीचं वाटतं. तीव्र, धोकादायक आक्रमकतेत इतर उपाय अपुरे पडले तर बालमानसोपचारतज्ज्ञ काही काळ रिस्पेरिडोन हे औषध देतात. त्याने वजन, रक्तातली साखर आणि प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढू शकतं, म्हणून तपासण्या चालू ठेवाव्या लागतात. हा निर्णय त्यांचाच. एखाद्या नातेवाइकाच्या मुलाला लागू पडलं म्हणून कुठलंही औषध सुरू करू नका. मुलाला धाक बसावा म्हणून कडक शिबिरात पाठवण्याचा सल्लाही कुणी देईल. त्यापासून लांब राहा. वाईट वागणारी मुलं एकत्र आणून त्यांना घाबरवल्याने उलट नुकसान झाल्याचे दाखले आहेत.

शाळेला फार मोठं काही मागू नका. वर्गशिक्षकांनी रोज दोन किंवा तीनच गोष्टींवर खूण करून चिठ्ठी घरी द्यावी, आणि घरी त्यावर छोटी सवलत मिळावी, इतकं पुरतं. घरात तुम्ही दोघांनी सगळ्यावर एकमत करायचा प्रयत्न करू नका, होणार नाही. तीन नियम निवडा, ते दोघंही सारखेच पाळा, बाकीचं सध्या सोडा. आणि तुम्ही लिहिलंय की तुम्हाला झोप लागत नाही, उगाच रडू येतं. तुमची तपासणी मुलाच्या तपासणीइतकीच निकडीची आहे. आई किंवा वडील नैराश्यात असतील तर वर सांगितलेलं पेलणं अशक्यप्राय होतं.

पुढे काय होईल, हे कोणत्या गटाची लक्षणं जास्त आहेत यावर बरंचसं अवलंबून असतं. चिडचिड प्रमुख असेल तर पुढे चिंता आणि नैराश्याकडे लक्ष ठेवावं लागतं. डूख धरणं आणि दुखावणं प्रमुख असेल तर गंभीर वर्तनदोषाचा (इतरांना इजा करणं, चोरी, तोडफोड अशा वागण्याचा) धोका जास्त, पण ओडीडी असलेली बहुतेक मुलं तिथवर जात नाहीत. फरक दिसायला आठवडे नव्हे, काही महिने लागतात, आणि मधेच एखादा आठवडा पूर्वीइतकाच वाईट जातो. मरण्याची भाषा, कुणाला इजा होईल असा हल्ला, प्राण्यांना छळणं, आग लावणं, यातलं काही दिसलं तर मात्र वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

या आठवड्यात वही सुरू करा, रोजची १०-१५ मिनिटं सुरू करा, आणि कान व डोळे तपासून घ्या. बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा बालमानसशास्त्रज्ञांची वेळ घेताना एडीएचडी आणि अध्ययन अक्षमता दोन्हींची चाचणी हवी असं आधीच सांगा, कारण त्यांना जास्त वेळ लागतो. शक्य असेल तर पहिल्या भेटीला तुम्ही दोघंच जा, म्हणजे मुलासमोर त्याच्या तक्रारींचा पाढा वाचावा लागणार नाही. दुसऱ्या भेटीला त्याला नेताना 'तुला डॉक्टरांकडे नेतो' अशी धमकी नको आणि 'फिरायला जाऊ' अशी थापही नको. "घरात आपण सगळेच फार ओरडतो, ते कमी कसं करायचं ते विचारायला आपण तिघं जाणार आहोत," इतकं सांगा. तो 'मी येणार नाही' म्हणेल. वाद घालू नका. निघायची वेळ सांगा, गाडीत कुठे बसायचं ते त्याला ठरवू द्या, आणि सोबत वही घ्यायला विसरू नका.